तिथी ठरलेला अतिथी

'अतिथी' या शब्दाची एक व्युत्पत्ती आपल्याकडे शाळेपासून सांगितली जाते : ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. व्याकरणकार मात्र हा शब्द 'अत्' म्हणजे सतत चालत राहणे या धातूपासून सिद्ध करतात. त्यांच्या लेखी अतिथी म्हणजे वाटसरू. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तर जो एक रात्र मुक्काम करतो तो अतिथी, अशी मुदतीचीच व्याख्या केलेली आहे. हे तिन्ही अर्थ आम्ही एम.ए.च्या वर्गात विद्यार्थी म्हणून ऐकले आणि पुढे शिक्षक म्हणून सांगितलेही. परंतु पाहुण्याच्या येण्याच्या तिथीपेक्षा त्याच्या जाण्याची तिथी किती जड असते, हे आम्हां दोघांना उमगले ते कॅनडात, ओन्टॅरिओ प्रांतात, २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत. त्या काळात आमच्यातली एक तेथे 'व्हिजिटर' होती आणि दुसरा 'पर्मनंट रेसिडेंट'.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून 'आम्ही' कोण ते प्रथम सांगणे आवश्यक आहे. आम्ही एम.ए.ला मराठीच्या एकाच वर्गात होतो. पुढे एक सातारा जिल्ह्यातील महाविद्यालयात मराठीची अधिव्याख्याता झाली. दुसरा कॅनडात गेला, तेथे पुन्हा शिकला, कायम रहिवासी झाला आणि एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांना लेखन व संवाद शिकवू लागला. मधली बरीच वर्षे पत्रांत आणि मग ईमेलमध्ये गेली. चाळिशी ओलांडल्यावर, २०२२ साली आम्ही विवाह केला. या वयातल्या लग्नाला टिंगल आणि कौतुक सारख्याच प्रमाणात वाट्याला येते. आमच्याही आले. असो. जून २०२३ च्या मध्यावर आमच्यातली ती दोन वर्षांची असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजा घेऊन टोरोंटोच्या विमानतळावर उतरली.

तेथे पारपत्रावर शिक्का पडला. शिक्क्यावर हाताने वेगळी तारीख लिहिलेली नसेल, तर प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने राहता येते, असा तेथील नियम आहे. येथे अनेकांचा एक घोटाळा होतो. पारपत्रातील व्हिसा पुष्कळदा कित्येक वर्षांचा असतो, आणि तितकी वर्षे राहता येईल असे वाटते. पण व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे ते दारात ठरते. तिच्या व्हिसावर वर्षे होती, मुक्कामाला डिसेंबर २०२३ चा मध्य ही मर्यादा होती, आणि महाविद्यालयाच्या रजेला जून २०२५ ची. घरातल्या दिनदर्शिकेवर या तारखांना आम्ही निरनिराळ्या रंगांच्या खुणा केल्या होत्या.

सप्टेंबरमध्ये आम्ही तिच्या कायम निवासाचा अर्ज दाखल केला. कॅनडात पती वा पत्नीसाठी असा अर्ज दोन वाटांनी करता येतो : जोडीदाराला मायदेशी ठेवून, किंवा कॅनडात एकत्र राहत असताना. आम्ही दुसरी वाट निवडली, कारण एकत्र राहण्यासाठीच लग्न केले होते. या वाटेवरचा पहिला धडा असा की कायम निवासाचा अर्ज केल्याने अभ्यागताची मुदत एका दिवसानेही वाढत नाही. अर्ज पोहोचल्याची पोच ही केवळ पोच असते. राहण्याचा परवाना ठरत नाही. एकीकडे 'मला येथेच राहायचे आहे' असा अर्ज विचाराधीन असतो आणि दुसरीकडे 'मी ठरल्या दिवशी जाईन' हे वचन पाळतच राहावे लागते. मुदत वाढवून हवी असेल तर तिचा वेगळा अर्ज, वेगळे शुल्क, आणि तोही मुदत संपण्यापूर्वी किमान तीस दिवस करावा असा सल्ला. शिवाय पारपत्र ज्या दिवशी संपते त्याच्या पलीकडे मुदत मिळत नाही, म्हणून त्याच्या शेवटच्या पानावरही नजर ठेवावी लागते.

ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत काय, असा प्रश्न कोणाही सुजाण वाचकाला पडेल. तो कायद्यालाही पडला होता. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२ च्या दुसऱ्या पोटकलमात त्याचे उत्तर आहे. कायमचे राहण्याची इच्छा असणे एवढ्यावरून कोणी तात्पुरता रहिवासी होण्यास अपात्र ठरत नाही. मुदत संपल्यावर ती व्यक्ती देश सोडील अशी अधिकाऱ्याची खात्री मात्र पटली पाहिजे. याला तेथे दुहेरी हेतू म्हणतात. आम्ही वाचले तेव्हा आम्हांला श्लेष आठवला. एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे असतात, हे आपण पंडितकवी शिकवताना विद्यार्थ्यांच्या गळी उतरवतो. परंतु कवितेतला श्लेष रसिकाने आनंदाने सोडवायचा असतो. येथे तो स्वतः जगायचा होता. घरात नवे कपाट घ्यावे की नाही, बागेत पुढल्या वसंतात फुलणारे कंद लावावेत की नाही, अशा प्रत्येक साध्या गोष्टीत दोन्ही अर्थ एकदम उभे राहत. आम्ही कंद लावले. कपाट घेतले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना रस वाटेल अशी आणखी एक जागा या नियमांत आहे. विवाह खरा आहे की केवळ देशात प्रवेश मिळवण्यासाठी केलेला, हे चौथ्या नियमावरून ठरते. पूर्वी विवाह अमान्य होण्यासाठी दोन्ही गोष्टी दिसाव्या लागत : तो खरा नाही, 'आणि' तो मुख्यतः प्रवेशासाठी केलेला आहे. २०१० साली त्या 'आणि'च्या जागी 'किंवा' आला. तेव्हापासून दोहोंपैकी एकच पुरेशी ठरते. एका उभयान्वयी अव्ययाने माणसांचे संसार मोडू वा तगू शकतात, हे व्याकरणाच्या तासाला सांगण्यासारखे उदाहरण आहे.

विवाह खरा असल्याचा पुरावा म्हणून आम्ही आमची जुनी पत्रे काढली. ती मराठीत होती, तेव्हा भाषांतर आवश्यक. आम्ही दोघेही मराठीचे पदव्युत्तर, एक तर तेथे इंग्रजी लेखनच शिकवणारा. पण नियम असा की अर्जदाराने किंवा त्याच्या कुटुंबीयांनी केलेले भाषांतर चालत नाही. आमची पत्रे एका परक्या माणसाने इंग्रजीत नेली. त्यांनी काम चोख केले. तरी ते कागद वाचताना आम्ही गप्प झालो. आमच्या पत्रांत प्रेमाचे म्हणावे असे शब्दच नव्हते. 'जेवलास का', 'स्वेटर घालत जा', 'इकडची काळजी नसावी', 'नव्या अंकातला लेख वाचलास का, मला तो पटला नाही'. मराठी माणूस वीस वर्षे हेच लिहितो आणि त्यातले सगळे समोरच्याला कळते. 'जेवलास का' या वाक्याचे इंग्रजी अगदी बरोबर होते. त्या वाक्यात काय होते ते मात्र मागेच राहिले होते. एखाद्या अपरिचित अधिकाऱ्याने त्यावरून आमचे नाते जोखायचे होते. शेवटी आम्ही सोबतच्या निवेदनात दोन वाक्ये लिहिली, की आमच्या भाषेत जिव्हाळा बहुधा चौकशीच्या रूपाने येतो. ध्वनिसिद्धान्त इतक्या थोडक्यात आम्ही वर्गात कधी सांगितला नव्हता.

नोव्हेंबरच्या आरंभी मुदतवाढीचा अर्ज केला. डिसेंबरचा मध्य आला आणि गेला. उत्तर आले नव्हते. अशा वेळी नियम असे सांगतो की मुदत संपण्यापूर्वी अर्ज केलेला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत मूळ मुदत आपोआप वाढलेली समजावी. या अवस्थेला पूर्वी 'इम्प्लाइड स्टेटस' म्हणत, म्हणजे गर्भित दर्जा. अलीकडच्या काही वर्षांत तिचे नाव 'मेन्टेन्ड स्टेटस', म्हणजे राखलेला दर्जा, असे झाले आहे. नामांतर अर्थपूर्ण वाटते. गर्भित असते ते न बोलता असते. राखायचे असते ते कोणीतरी राखावे लागते. हाती नवा कागद नसतो, केवळ अर्ज केल्याची पावती असते, आणि आपण कायदेशीर आहोत हे आपल्याला ठाऊक असते.

वाईला आईंना हे फोनवर समजावून सांगणे अवघड होते. २०२३ साली अधिक श्रावण होता आणि जावई परदेशात असल्यामुळे तेहतीस अनारशांचे वाण राहून गेले याची त्यांना रुखरुख लागून होती. मुदतीची ही सारी हकिकत ऐकून त्या लेकीला म्हणाल्या, "म्हणजे तुला अधिक महिना लागलाय म्हण की. पंचांगात बसतो, पण सणवार करायचे नाहीत." याहून नेमके स्पष्टीकरण आम्हांला कोणत्याही माहितीपत्रकात आढळले नाही. तिने त्या काळात नोकरीही केली नाही. अशा अर्जदारांना कामाचा परवाना मागता येतो, पण रजेवर असताना अन्यत्र नोकरी न करण्याचे बंधन तिच्या सेवानियमांत होते. आणि इकडची नोकरी सोडण्यास मन तयार नव्हते. अभ्यागताला प्रांताचा आरोग्यविमाही मिळत नाही, तेव्हा खासगी विमा घेतला आणि बर्फावर जपून चालायला शिकलो.

मित्रमंडळींपैकी काहींनी या काळात एक सल्ला दिला : एवढी धडपड कशाला, पती-पत्नींच्या बाबतीत मुदत टळली तरी चालते. त्यात तथ्य आहे. २००५ साली कॅनडाने एक सार्वजनिक धोरण जाहीर केले. त्यानुसार कॅनडात राहून अर्ज करणाऱ्या जोडीदाराचा दर्जा संपलेला असला, तरी केवळ त्या कारणाने अर्ज नाकारला जात नाही. शिवाय दर्जा गेल्यास नव्वद दिवसांच्या आत तो परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. ज्यांच्यावर तशी वेळ येते त्यांच्यासाठी ही धोरणे मोठा आधार आहेत, आणि त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सवलत आणि हक्क यांत अंतर असते. ते किती असते, हे आम्हांला एका जुन्या प्रकरणाच्या वाचनातून कळले.

१९०८ साली कॅनडाने एक नियम केला, की स्थलांतरिताने जन्माच्या वा नागरिकत्वाच्या देशातून थेट, खंड न पडू देता प्रवास करून आले पाहिजे. हिंदुस्थानातून तसा प्रवास करणे व्यवहारात अशक्य होते. जे पंजाबी पुरुष आधीच व्हँकुव्हरला स्थायिक झाले होते त्यांची कुटुंबे त्यामुळे मागे राहिली. तेथील गुरुद्वाराचे पुढारी भाग सिंग आणि बलवंत सिंग हे आपापल्या कुटुंबांना आणायला गेले आणि जानेवारी १९१२ मध्ये परतले. पुरुष आधीचे रहिवासी, म्हणून त्यांना आत घेतले गेले. त्यांच्या पत्नी आणि मुले यांना मात्र परत पाठवण्याचा आदेश निघाला. बरीच खळबळ झाल्यावर सरकारने त्या स्त्रियांना राहू दिले, पण केवळ कृपा म्हणून. यावरून पायंडा पडू नये अशी अट घालून. पुढे १९१९ मध्ये तेथे राहणाऱ्या हिंदी लोकांच्या पत्नी आणि मुले यांना येण्याची परवानगी मिळाली. पती आत आणि पत्नी उंबऱ्यावर, ही आमचीच रचना होती. फरक इतकाच की आमच्या हाती नियम होता आणि त्यांच्या हाती कृपा. ज्याला तारखा पाळता येतात त्याने त्या का पाळाव्यात, याचे उत्तर आम्हांला तेथे मिळाले. मुदतीच्या आत केलेला अर्ज ही अगदी क्षुल्लक गोष्ट असते, पण तोवर माणसाला कोणाच्या दयेवर राहावे लागत नाही.

या साऱ्याची परीक्षा जानेवारी २०२४ मध्ये झाली. संक्रांत झाल्यावर चारच दिवसांनी आई मोरीत घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. साताऱ्याला शस्त्रक्रिया ठरली. त्यांना दुसरे अपत्य नाही.

त्या रात्री आम्ही दोघे स्वयंपाकघरातल्या मेजाशी कागद पसरून बसलो. मुदतवाढीचा निर्णय अजून झालेला नव्हता. म्हणजे ती त्या राखलेल्या दर्जावर होती आणि तो कॅनडाच्या भूमीवर असेपर्यंतच राखलेला होता. बाहेर पडली असती तर परतताना दारातल्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा नव्याने अभ्यागत म्हणून उभे राहावे लागले असते, आणि प्रवेश देणे न देणे त्याच्या विवेकावर होते. व्हिसा वैध होता; पण दाराशी येण्याची परवानगी म्हणजे प्रवेशाचे आश्वासन नव्हे. प्रवेश नाकारला गेला असता तर कॅनडात एकत्र राहण्याची अटच मोडली असती, आणि आम्ही निवडलेल्या वाटेवर अर्ज नामंजूर झाला तर इमिग्रेशनच्या अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येत नाही. फेडरल कोर्टाकडून न्यायिक पुनर्विलोकन तेवढे मागता येते. धोका कदाचित लहान असेल. पण तो आमच्या पुढच्या आयुष्याएवढा होता, आणि समोरच्या पारड्यात आई होत्या.

आम्ही जे ठरवले ते असे. जो मुक्तपणे जाऊ-येऊ शकत होता तो गेला. कायम रहिवाशाने दोन आठवड्यांची बिनपगारी रजा काढून वाई गाठली आणि अभ्यागत कॅनडात घर सांभाळत राहिली. आयुष्यभर मुलीने करावयाच्या ज्या गोष्टी, त्या जावयाने केल्या : रुग्णालयातल्या रात्री, बेडपॅन, कुशीवर वळवणे, वॉकर धरून पहिली चार पावले टाकायला लावणे. आपल्याकडे जावई हा कायमचा पाहुणा. त्याला पाटावर बसवायचे, त्याच्या ताटात पहिले वाढायचे. आईंना प्रारंभी या सेवेची फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला "तुम्ही राहू द्या हो, बाईला सांगते" असे म्हटले. पाचव्या दिवशी "अरे, जरा उशी सरकव" म्हणाल्या. 'अहो'चा 'अरे' होण्यास लागलेले ते चार दिवस आमच्यातल्या त्याला आजही आपल्या सर्व कागदपत्रांपेक्षा मोलाचे वाटतात. त्या घरात त्याचा दर्जा तेव्हा बदलला आणि त्यासाठी कोणताही अर्ज करावा लागला नाही.

तिकडे आमच्यातली ती व्हिडिओवर आईचे पाय पाहत होती. ओन्टॅरिओतली पहाट वाईच्या दुपारीशी जुळवून उठत होती. तिने त्या दोन आठवड्यांत काय सोसले ते आम्ही येथे लिहिणार नाही. इतकेच म्हणतो की ज्या माणसाच्या दर्जाचा सारा अर्थ 'मी जाणार आहे' हा होता, त्यालाच जाणे शक्य नव्हते. आणि ज्याने 'मी येथे कायमचा' असे देशाला सांगितले होते, तो विमानात बसून निघून गेला होता. स्थायी आणि तात्पुरता या शब्दांचे अर्थ आम्ही तोवर राहण्याशी जोडत होतो. वस्तुतः त्यांचा संबंध जाण्याशी अधिक आहे. परत येण्याची खात्री असते तोच मोकळेपणाने जाऊ शकतो.

फेब्रुवारीत मुदतवाढ मंजूर झाल्याचा कागद आला. त्याला व्हिजिटर रेकॉर्ड म्हणतात. त्यावर डिसेंबर २०२४ पर्यंतची तारीख होती. हा कागदही राहण्यापुरता असतो, परत येण्यासाठी उपयोगी पडत नाही, तेव्हा ती थांबलीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये कायम निवासाची निश्चिती झाली. त्यातही एक पायरी उरते : व्यापारी विमानाने कॅनडात परतायचे तर कायम रहिवाशाला कार्ड दाखवावे लागते, आणि ते टपालाने मागाहून येते. कार्ड डिसेंबरमध्ये आले. जानेवारी २०२५ मध्ये ती वाईला पोहोचली तेव्हा आईंना पडून एक वर्ष झाले होते. त्या काठी टेकत दारापर्यंत आल्या होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "किती दिवस आहेस?" लेकीकडे या प्रश्नाचे उत्तर, दीड वर्षात प्रथमच, तयार नव्हते.

त्या उन्हाळ्यात आम्ही सर्व बाजूंनी विचार केला आणि जून २०२५ मध्ये, रजा संपल्यावर, ती महाविद्यालयात पुन्हा रुजू झाली. ज्या कायम निवासासाठी एवढे केले तो मिळताच ती इकडे कशी, असे काहींनी विचारले. कायद्याला हे चालते. कायम रहिवाशाने दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात असावे एवढीच अट आहे. म्हणजे कायम या शब्दालाही दिवस मोजावेच लागतात. रंगीत खुणांची आमची दिनदर्शिका अजून भिंतीवर आहे. सुट्ट्यांत ती तिकडे जाते, आणि जमेल तेव्हा तो इकडे येतो. आईंचे वय पाहता ही व्यवस्था फार काळाची नाही, हे तिघांनाही माहीत आहे आणि तिघेही त्याविषयी बोलत नाहीत.

अर्जातल्या सर्व प्रश्नांची उत्तरे दोन स्वतंत्र माणसांनी द्यायची होती : एक प्रायोजक, एक अर्जदार. संस्कृतात दोघांसाठी द्विवचन होते, मराठीने ते टाकून दिले. पण आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असा एक फरक आहे. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. त्या दोन वर्षांत आम्ही एका देशाशी फार नम्रपणे 'आम्ही' म्हणून बोलत होतो. घरात मात्र सासू आणि जावई केव्हाच 'आपण' म्हणू लागले होते. यंदा पावसाळ्यापूर्वी घराची कौले शाकारायची की पत्रा घालायचा यावर त्या दोघांचे फोनवर एकमत झाले, आणि ते ठरल्यावर त्यांनी आमच्यातल्या तिला कळवले.